जॉन हडसनचे काय झाले?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीने मुलांच्या फौजदारी जबाबदारीचे किमान वय बारावरून पुन्हा दहावर आणले. आदल्याच वर्षी ते दहावरून बारावर नेलेले होते. पाठोपाठ डिसेंबरात तिथल्याच क्वीन्सलंड राज्याने ‘गुन्हा प्रौढाचा, तर शिक्षाही प्रौढाची’ या निवडणुकीतल्या घोषणेला कायद्याचे रूप दिले, आणि खुनासारख्या गंभीर गुन्ह्यात दहा वर्षांच्या मुलालाही मोठ्या माणसाइतकी शिक्षा देण्याची वाट मोकळी झाली. या देशातली पहिली युरोपीय वसाहत कैद्यांनी उभारली आणि त्या कैद्यांत मुलेही होती. त्यामुळे या वादात त्या मुलांची नावे निघणारच. एक बाजू म्हणते की भाकरतुकड्यासाठी हात पुढे करणारी निष्पाप पोरे तेव्हा जगाच्या टोकाला फेकली गेली आणि तोच अन्याय आज पुन्हा घडतो आहे. दुसरी बाजू म्हणते की शिक्षा कडक होती म्हणूनच ती मुले मार्गाला लागली, जमिनीची आणि गलबतांची मालक झाली, मग आजच्या मुलांनाच एवढे जपायचे कशाला? मला दोन्ही युक्तिवाद लंगडे वाटतात, कारण पहिला मुलाच्या निरपराधपणावर टेकलेला आहे आणि दुसरा तगून राहिलेल्यांच्या यशावर. मूल खरोखर अपराधी असेल, त्याचा अपराध निर्घृणही असेल, आणि पुढे त्याच मुलाचा संसार फळाफुलाला आलेला असेल, तरीसुद्धा त्याला प्रौढांच्या शिक्षेत ढकलणे तेव्हाही गैर होते आणि आजही गैरच आहे. हे सिद्ध करायला त्या मुलांच्या कहाण्या अर्धवट नव्हे, पुऱ्या सांगाव्या लागतात.

जॉन हडसनपासून सुरुवात करू. १० डिसेंबर १७८३ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तो आरोपी म्हणून उभा राहिला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. विल्यम होल्ड्सवर्थ नावाच्या गृहस्थाच्या घरात शिरून एक तागाचा सदरा, पाच रेशमी पायमोजे, एक पिस्तूल आणि दोन ॲप्रन चोरल्याचा आरोप त्याच्यावर होता. पुरावा म्हणून काजळीने माखलेल्या लहान पायांच्या खुणा सांगितल्या गेल्या. तू कोणत्या धंद्यात वाढलास, असे न्यायालयाने विचारले, तेव्हा तो म्हणाला, कुठल्याच नाही, कधीमधी धुराडी साफ करतो. आईवडील आहेत का? मेले. केव्हा? ठाऊक नाही. एवढ्या त्रोटक उत्तरांवर त्याचे सगळे आयुष्य नोंदले गेले. न्यायाधीश निष्ठुर नव्हता. इतक्या लहान मुलाच्या कबुलीजबाबावर विसंबणे त्याला पटत नव्हते, आणि घरफोडीचा आरोप सिद्ध झाला तर फाशी होते हे जाणून त्याने त्या आरोपातून मुलाला वाचवण्याकडेच कौल दिला. असल्या मुलाला विनाशातून ओढून काढावेसे वाटते, सोडले तर तो पुन्हा त्याच आयुष्यात जाईल आणि मुलांकरवी घरे फोडून घेणाऱ्या वाईट माणसांच्या हातचे हत्यार बनेल, अशा आशयाचे त्याचे उद्गार खटल्याच्या नोंदीत आहेत. आणि या कळवळ्यातून निघालेली शिक्षा कोणती? सात वर्षे समुद्रापार हद्दपारी.

आधी त्याला अमेरिकेकडे निघालेल्या ‘मर्क्युरी’ जहाजावर चढवले. १७८४ मध्ये त्या जहाजावर कैद्यांनी बंड केले, जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला परतले, आणि पुन्हा पकडलेल्या कैद्यांबरोबर या मुलाची रवानगी प्लिमथला नांगरून ठेवलेल्या ‘डंकर्क’ या कैदी-जहाजावर झाली. मुलांकडून गुन्हे करवून घेणाऱ्यांच्या तावडीतून ज्याला सोडवायचे होते, त्याला तीन वर्षे डेकखाली प्रौढ गुन्हेगारांच्या गर्दीत ठेवले गेले. न्यायाधीशाने धोका अचूक ओळखला होता आणि राज्याने मुलाला नेमके त्याच धोक्यात नेऊन कोंडले. मुलांना प्रौढांच्या शिक्षेत ढकलणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेचा हा अंगभूत दोष आहे, म्हणून हडसनचा खटला मी इतका तपशीलवार सांगितला.

आता निष्पापपणाच्या युक्तिवादाकडे येतो. तो माझ्या बाजूचा आहे आणि म्हणूनच तो अधिक कठोरपणे तपासला पाहिजे. मेरी वेड ही अकरा वर्षांची मुलगी लंडनच्या रस्त्यावर झाडू मारून आणि भीक मागून जगत असे. ऑक्टोबर १७८८ मध्ये तिने आणि चौदा वर्षांच्या जेन व्हायटिंगने आठ वर्षांच्या एका मुलीला शौचकूपात नेले, तिच्या अंगावरचा सुती झगा, खांद्यावरचे वस्त्र आणि टोपी उतरवून घेतली आणि तिला तिथेच सोडून दिले. झगा गहाण गेला. हिला शौचकूपात ढकलूनच द्यायचे माझ्या मनात होते आणि तसे केले असते तर बरे झाले असते, असे मेरी नंतर कैदेत बोलल्याची साक्ष न्यायालयात झाली. यात भाकरीचा तुकडा कुठे आहे? ज्या लेकराचे कपडे ओरबाडले तेही गरिबाचेच होते. मेरी वेडला निष्पाप ठरवायचे तर त्या आठ वर्षांच्या मुलीला खटल्यातून पुसून टाकावे लागते, आणि ते मला मान्य नाही. शिवाय दयेला निरपराधपणाची अट घातली की पहिल्याच खऱ्या अपराध्यापाशी दया संपते. आजच्या वादात नेमके हेच होते. गाडी चोरून भरधाव पळवणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दिसले की निष्पाप बालकांचा कैवार घेणाऱ्यांकडे बोलायला काही उरत नाही. म्हणून मी मान्य करून टाकतो की मेरी वेड दोषी होती. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दोषी ठरलेल्या अकरा वर्षांच्या मुलीचे राज्याने काय करायचे असते?

१४ जानेवारी १७८९ रोजी तिला फाशीची शिक्षा झाली. मार्च महिन्यात राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या आजारातून बरा झाल्याचे जाहीर झाले आणि त्या आनंदात फाशीच्या स्त्री-कैद्यांना हद्दपारीची सवलत मिळाली. ‘लेडी जुलियाना’ जहाजातून दोनशेहून अधिक स्त्री-कैद्यांबरोबर ती निघाली आणि ३ जून १७९० रोजी सिडनीच्या बंदरात पोचली. इथे विरोधी बाजूचा पहिला बळकट मुद्दा येतो. तो असा की पर्याय फाशीचा होता, त्या तुलनेत हद्दपारी ही दयाच होती, आणि अठराव्या शतकाला एकविसाव्या शतकाच्या फूटपट्टीने मोजणे हा अन्याय आहे. यातला पहिला भाग खरा आहे. फाशीऐवजी जहाज मिळाले म्हणून मेरी वेड जगली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा भाग मात्र खरा नाही, कारण वेगळी फूटपट्टी त्याच शतकात आणि त्याच शहरात उपलब्ध होती. १७८८ साली, म्हणजे कैद्यांचे पहिले आरमार सिडनीला उतरले त्याच वर्षी, लंडनमध्ये फिलान्थ्रॉपिक सोसायटी स्थापन झाली आणि गुन्हेगार व निराधार मुलांना घरात ठेवून धंदा शिकवू लागली. १८०२ मध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम न्यू साऊथ वेल्सच्या, म्हणजे सिडनीभोवतीच्या वसाहतीच्या, हद्दपारीवर कडाडून टीका करीत होता. इंग्लिश कायदाही तेव्हा सात वर्षांखालील मुलाला गुन्ह्यास असमर्थ मानत होता आणि सात ते चौदा या वयात समज नसल्याचे आधी गृहीत धरून मगच उलट पुरावा मागत होता. मुलाची समज वेगळी असते हे तेव्हाच्या लोकांना पुरते ठाऊक होते. राज्याने जहाज निवडले ते स्वस्त आणि सोयीचे होते म्हणून. अमेरिका स्वतंत्र झाल्याने कैदी पाठवण्याची जुनी जागा गेली होती आणि नदीत नांगरलेली कैदी-जहाजे ओसंडून वाहत होती.

दुसरा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. तो असा की या मुलांचे खरोखर भले झाले. मेरी वेडने एकवीस मुलांना जन्म दिला, डिसेंबर १८५९ मध्ये ब्याऐंशी वर्षांची होऊन ती वारली तेव्हा तिचे तीनशेहून अधिक वंशज हयात होते, आणि पुढे देशाचा पंतप्रधान झालेला केव्हिन रड तिच्याच वंशातला. मेरी रेबी हिचे उदाहरण तर त्याहून झळझळीत आहे. लँकशरमधली ही मुलगी १७९१ मध्ये मुलाच्या वेशात, मुलाचेच नाव सांगत घोडा चोरल्याच्या आरोपाखाली पकडली गेली. सात वर्षांची हद्दपारी घेऊन ती ऑक्टोबर १७९२ मध्ये ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजातून सिडनीला आली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढे ती गलबतांची, वखारींची आणि जमिनीची मालकीण झाली, आणि १९९४ पासून तिचा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. ज्या देशाने हद्दपार पोरीला चलनी नोटेवर बसवले, त्या देशाला कैद्यांबद्दल तिटकारा आहे असे कोण म्हणेल? हा मोठेपणा मी मनापासून मान्य करतो, कारण अनेक पिढ्या कैद्यांचे वंशज आपला वंश लपवून जगले आणि ते लपवणे संपले ही चांगलीच गोष्ट झाली.

पण हे यश शिक्षेने दिले का? मेरी रेबीला लिहितावाचता येत होते. जहाजातून घरी लिहिलेले तिचे पत्र उपलब्ध आहे. दोनतीन वर्षांत परतण्याची संधी मिळते का ते पाहत राहीन आणि तोवर या दुःखी स्थितीत जमेल तेवढी सुखी राहीन, असे तिने त्यात लिहिले. अशी मुलगी हद्दपारीआधीच खंबीर होती, ते खंबीरपण तिला शिक्षेने शिकवले नाही. १७९४ मध्ये तिचे लग्न ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहिलेल्या थॉमस रेबी या स्वतंत्र, म्हणजे कैदी नसलेल्या, माणसाशी झाले. त्याला हॉक्सबरी नदीकाठी जमीन मिळाली आणि पुढे त्याने व्यापार उभा केला. १८११ मध्ये तो वारला तेव्हा सात मुलांची आई असलेल्या मेरीने तो धंदा हाती घेऊन वाढवला. अक्षरओळख, स्वतंत्र नवरा, जमीन आणि भांडवल एवढ्या गोष्टी तिच्या बाजूला होत्या आणि यांतली एकही न्यायालयाने दिलेली नव्हती. शिक्षेचा वाटा एवढाच की तिने तिला त्या किनाऱ्यावर नेऊन टाकले. तेवढ्यावरून शिक्षेचे गुण गाणे म्हणजे पुरातून तरून निघालेल्यांचा सत्कार करताना पुराचे आभार मानण्यासारखे आहे.

आणि जे तरले नाहीत त्यांची मोजदाद कोणी करायची? जॉन हडसन १७८८ मध्ये ‘फ्रेंडशिप’ जहाजातून सिडनीला उतरला तेव्हा तेरा वर्षांचा होता. १७९० मध्ये अन्नाची टंचाई असताना त्याला नॉरफोक बेटावर पाठवले. १७९१ मध्ये, रात्री नऊनंतर झोपडीबाहेर आढळला म्हणून, त्याला पन्नास फटके मारले. त्यानंतर नोंदींत त्याचा माग लागत नाही. त्याची सात वर्षांची मुदत त्याच्या शिक्षेच्या तारखेपासून मोजली तर १७९० च्या डिसेंबरातच संपलेली होती, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. जिचा चेहरा नोटेवर आला तिचे चरित्र आपल्यापर्यंत पोचते आणि ज्याची पाठ सोलली त्याचे पोचत नाही. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात उतरले. त्यांतल्या निवडक भाग्यवंतांच्या कहाण्यांवरून एखादी शिक्षापद्धती चांगली ठरवायची असेल तर जगातली कोणतीही शिक्षा चांगली ठरवता येईल, गुलामगिरीसुद्धा.

तिसरा मुद्दा विचारी लोक मांडतात. ते म्हणतात, मुलांना मोठ्यांबरोबर डांबणे चूकच होते, पण कडक शिस्तीच्या वेगळ्या संस्थेत ठेवून त्यांना धंदा शिकवायला काय हरकत आहे? याचाही प्रयोग होऊन गेलेला आहे. व्हॅन डिमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, पोर्ट आर्थरजवळच्या पॉइंट प्युअर या भूशिरावर १८३४ ते १८४९ या काळात फक्त मुलांचा तुरुंग होता आणि सुमारे तीन हजार मुले तिथून गेली. त्यांतली काही जेमतेम नऊदहा वर्षांची होती. हेतू चांगला होता हे मान्य केले पाहिजे. मुलांना मुरलेल्या कैद्यांपासून दूर ठेवले जाई, शाळा होती, सुतारकाम, चांभारकाम, शिवणकाम, होड्या बांधणे आणि दगड घडवणे शिकवले जाई. पोर्ट आर्थरच्या चर्चसाठी त्या मुलांनी घडवलेले दगड आजही तिथे पाहता येतात, आणि ते काम खरोखर सुबक आहे. तरीही संस्था ढासळली. जागा उघडीबोडकी आणि पाण्याची टंचाई असलेली, मुकादम बरेचदा स्वतःच कैदी, चुकीला उत्तर म्हणजे एकांतकोठडी नाहीतर मार. मुले मुकादमांविरुद्ध एकजूट करीत आणि जो मुलगा अधिकाऱ्यांचे ऐकेल त्याला बाकीची छळत. १८४३ मध्ये सरकारतर्फे पाहणी करणाऱ्या बेंजामिन हॉर्नने या व्यवस्थेवर प्रतिकूल अहवाल दिला, आणि त्याच वर्षी एका मुकादमाच्या खुनासाठी तिथल्या दोन मुलांना फाशी झाली. ज्या संस्थेने मुलांना फाशीपासून दूर न्यायचे, तिथूनच दोन मुले फाशीच्या तख्तापर्यंत पोचली. धंदा शिकवणे बरोबर होते. पण कोणाशीही मायेचे नाते नसलेल्या, मार हाच ज्यांचा मोठ्यांशी संबंध आहे अशा मुलांच्या हातात छिन्नी देऊन भागत नाही.

कैदी मुलांच्या बाजूने बोलताना एक गोष्ट दडवता येणार नाही. सिडनीच्या खाडीचा तो किनारा गॅडिगल लोकांचा होता. वसाहत झाल्यावर सव्वा वर्षातच, १७८९ मध्ये, तिथल्या मूळ रहिवाशांत देवीची साथ पसरली आणि त्यांची दाणादाण उडाली. हॉक्सबरीकाठच्या ज्या जमिनींवर रेबीसारख्यांची घरे उभी राहिली त्या दारुग लोकांकडून हिसकावलेल्या होत्या. तेव्हा आज काही जण विचारतात की आक्रमकांच्या पोरांसाठी अश्रू कशाला? प्रश्न रास्त आहे, पण एका मुलावरचा जुलूम दुसऱ्या लोकसमूहावरच्या जुलुमाने रद्द होत नाही. दोन्हींच्या मागे एकच राज्यसत्ता होती आणि तिचा एकच समज होता, की गरिबाचे किंवा परक्याचे मूल त्याच्या माणसांतून उचलून आपल्याला हवे तिथे रोवता येते. पुढे याच समजुतीने ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, मुलांना आयांपासून तोडले, आणि ब्रिटनमधल्या अनाथालयांतली हजारो मुले विसाव्या शतकातसुद्धा बोटींत बसवून ऑस्ट्रेलियाला पाठवली गेली. केव्हिन रडने पंतप्रधान म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये पहिल्यांची आणि नोव्हेंबर २००९ मध्ये दुसऱ्यांची संसदेत माफी मागितली. नॉर्दर्न टेरिटरीत आज कोठडीत असलेली मुले बहुतांशी ॲबोरिजिनल आहेत, ही गोष्ट या इतिहासापासून वेगळी काढता येईल असे कोणाला वाटते का?

मराठी वाचकाला हा वाद परका वाटायचे कारण नाही. हद्दपारीचे हेच यंत्र ब्रिटिशांनी आपल्याकडेही चालवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला गेले, आणि १८५८ पासून अंदमान हे काळ्या पाण्याचे ठिकाण झाले. अंदमान म्हटले की आपण सेल्युलर जेलमधल्या राजबंद्यांपुढे नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच बेटांवर चोरीमारीसाठी गेलेल्या साध्या कैद्यांची आपण आठवणही काढत नाही, कारण आपली सहानुभूतीही निरपराधांसाठी राखून ठेवलेली असते. मुलांच्या बाबतीत मात्र दुसरा रस्ताही त्याच काळात आपल्यापर्यंत आला होता. पार्कहर्स्टच्या मुलांच्या तुरुंगावर टीका करणाऱ्या आणि सुधारगृहांचा पुरस्कार करणाऱ्या ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या. मुंबईतही त्या येऊन गेल्या, आणि १८७६ मध्ये इथे सुधारगृहांचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मूल निरपराध आणि सात ते बारा या वयात समज तपासायची, हा १८६० च्या दंडसंहितेतला नियम नव्या भारतीय न्याय संहितेतही तसाच आहे. तरीही एखाद्या अल्पवयीन आरोपीने लोकांचा संताप ओढवला की आपल्याकडेही वय खाली आणण्याची मागणी उसळते, आणि २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांना निर्घृण गुन्ह्यांत प्रौढांसारखे खटल्याला उभे करण्याची सोय आपणही करून ठेवली आहे.

राहिला पीडितांचा प्रश्न. नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये ज्याचे दुकान दुसऱ्यांदा फोडले गेले, क्वीन्सलंडमध्ये ज्याच्या घरात चाकू घेऊन मुले शिरली, त्याला बालमनाचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. त्याला सुरक्षित झोप हवी आणि ती त्याचा हक्क आहे. पण मेरी वेडला फाशी सुनावून, मग जहाजात घालून, त्या आठ वर्षांच्या मुलीला काय मिळाले? शिक्षेत तिच्यासाठी काहीच नव्हते. हद्दपारीने गुन्हे थांबले असते तर जहाजे ऐंशी वर्षे का निघत राहिली? हद्दपारीची एकच सोय इंग्लंडला खरोखर लाभली होती, ती ही की शिक्षेने घडलेले माणूस इंग्लंडला पुन्हा पाहावे लागत नसे. ती सोय आज कोणालाच नाही. दहाव्या वर्षी कोठडीत गेलेले मूल बाराव्या किंवा पंधराव्या वर्षी त्याच गावात, त्याच गल्लीत, त्याच दुकानासमोर परत येते. तेव्हा क्वीन्सलंडच्या आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या आमदारांना विचारायचे ते एवढेच की मधल्या वर्षांत त्याच्याजवळ कोण असणार आहे, त्याला काय शिकवणार आहे, आणि यासाठी या कायद्यांत कोणती तरतूद केली आहे.